मेलकाऊ: एका सर्व्हरवर अनेक डोमेनचं टपाल सांभाळताना

मेलकाऊ हा स्वतः मेल सर्व्हर नाही. पत्रं घेणं-पाठवणं पोस्टफिक्स करतं, ती मेलबॉक्समध्ये ठेवून वाचायला देणं डव्हकॉट करतं, स्पॅम चाळणं आणि डीकेआयएमची सही (पत्र खरंच त्या डोमेनचं आहे याची डिजिटल खूण) ठोकणं आरस्पॅमडीकडे, व्हायरस क्लॅमएव्हीकडे, वेबमेल आणि कॅलेंडर सोगोकडे. ही सगळी मुरलेली मंडळी डॉकरच्या वेगवेगळ्या कंटेनरमध्ये (एकाच यंत्रावर प्रोग्रॅम वेगळे ठेवणाऱ्या डब्यांत) बसवायची, त्यांची एकमेकांशी गाठ घालून द्यायची आणि वर एक वेब पॅनेल ठेवायचं, हे मेलकाऊचं काम. त्यामुळे परीक्षण करायचं ते या जोडणीचं. एका डोमेनवर कुठलीही जोडणी चांगलीच दिसते. पाचवं, दहावं, विसावं डोमेन चढवताना ती किती टिकते ते पाहायचं.

निकाल आधीच सांगून टाकतो. डोमेन पाचपेक्षा जास्त असतील, प्रत्येकात मूठभर ते शंभरेक मेलबॉक्स असतील आणि सांभाळणारा माणूस एकच असेल, तर फुकट मिळणाऱ्या पर्यायांत मेलकाऊ सहज पहिल्या दोनांत बसतं. एकच डोमेन आणि तीन मेलबॉक्स असतील तर ते नको. माशी मारायला तोफ होईल. आणि डीएनएस (डोमेनच्या नावामागचा पत्ता सांगणारी इंटरनेटची वही) म्हणजे काय हे ज्याला अजून शिकायचं आहे, त्याला मेलकाऊ बसवता येईल, पण चालवता येणार नाही. पॅनेलमध्ये सगळं हिरवं असूनही पत्र समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊ शकतं, आणि त्याचं कारण पॅनेलच्या बाहेर असतं.

फाइल आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमनमध्येच करायची आहेत, हे वेगळं सांगायला नको.

सर्व्हरचं नाव वेगळं, डोमेन वेगळी

अनेक डोमेनच्या मांडणीत होणाऱ्या निम्म्या चुकांचं मूळ एकच असतं: प्रत्येक डोमेनला आपापला मेल सर्व्हर हवा असं वाटणं. मग एक्झाम्पल.कॉमसाठी मेल.एक्झाम्पल.कॉम, एक्झाम्पल.ऑर्गसाठी मेल.एक्झाम्पल.ऑर्ग अशी नावं काढली जातात, त्या प्रत्येकासाठी सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र काढलं जातं, आणि शेवटी एकाच आयपीवर चार पीटीआर नोंदी (आयपीवरून नाव सांगणाऱ्या डीएनएस नोंदी) टाकायचा प्रयत्न होतो. यातलं काहीही लागत नाही.

सर्व्हरला नाव एकच. समजा, मेल.एक्झाम्पल.नेट. त्या नावाची ए नोंद सर्व्हरच्या आयपीकडे जाते, आणि आयपीची पीटीआर नोंद उलट त्याच नावाकडे येते. सर्व्हर दुसऱ्या सर्व्हरला फोन लावतो तेव्हा हेलोमध्ये, म्हणजे पहिल्या नमस्कारात, हेच नाव सांगतो. ही तीन टोकं जुळली की सर्व्हरची ओळख पक्की झाली. बाकी सगळी डोमेन या घरात पाहुणी. त्यांनी फक्त एमएक्स नोंदीतून ‘आमचं टपाल त्या घरी पोचवा’ एवढं सांगायचं. एक्झाम्पल.कॉमच्या एमएक्समध्ये मेल.एक्झाम्पल.नेट हे परकं नाव असण्यात काहीही गैर नाही. एमएक्समध्ये आयपी चालत नाही आणि सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी नोंद) असलेलं नावही चालत नाही. थेट ए नोंद असलेलंच नाव द्यायचं.

मेलकाऊची मांडणी याच समजुतीवर उभी आहे आणि हा त्याचा मोठा गुण. इन्स्टॉल करताना ‘जनरेट_कॉन्फिग’ ही स्क्रिप्ट सर्वांत आधी पूर्ण नाव विचारते. तिथे नुसतं एक्झाम्पल.नेट न देता मेल.एक्झाम्पल.नेट असंच द्यायचं. पुढे कधी मेल.एक्झाम्पल.नेट हेच मेल डोमेन म्हणून जोडायला गेलात, तर पॅनेल ‘हे सर्व्हरच्या नावाशी जुळतं’ म्हणून सरळ नकार देतं. हाताने लावलेल्या पोस्टफिक्समध्ये असा पहारेकरी नसतो. तिथे एकच डोमेन ‘मायडेस्टिनेशन’मध्येही (यंत्राची स्वतःची नावं) आणि ‘व्हर्च्युअल_मेलबॉक्स_डोमेन्स’मध्येही (पाहुणी डोमेन) पडतं, लॉगमध्ये ‘दोन्हीकडे लिहू नका’ असा इशारा येत राहतो, तो कोणी वाचत नाही, आणि पत्रं ‘असा वापरकर्ता नाही’ म्हणून परत जातात.

नाव निवडताना एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाठवलेल्या प्रत्येक पत्राच्या हेडरमध्ये सर्व्हरचं नाव जातं. दहा वेगवेगळ्या लोकांची डोमेन ठेवणार असाल आणि सर्व्हरला त्यातल्याच एकाच्या डोमेनचं नाव दिलंत, तर उरलेल्या नऊ जणांच्या पत्रांतून ते नाव फिरत राहील. म्हणून यंत्रासाठी एक तटस्थ डोमेन वेगळं घ्यावं, ज्याच्यावर ना वेबसाइट, ना कोणाचा धंदा. नंतर नाव बदलणं जमतं, पण पीटीआर, सगळ्या एमएक्स नोंदी आणि सगळ्यांच्या फोनमधली सेटिंग बदलावी लागतात.

यंत्र किती मोठं लागतं

मेलकाऊच्या अधिकृत कागदपत्रांत किमान ६ जीबी रॅम, १ जीबी स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) आणि टपालाची जागा सोडून २० जीबी डिस्क सांगितली आहे. ही मागणी फुगवलेली नाही. सर्वांत मोठा खादाड क्लॅमएव्ही: व्हायरसच्या सह्यांचा पूर्ण संच तो मेमरीत घेऊन बसतो आणि नवा संच चढवताना काही वेळ जुना आणि नवा दोन्ही मेमरीत असतात. म्हणूनच दिवसभर नीट चाललेला ४ जीबीचा सर्व्हर रात्री एकाएकी कोलमडतो. ‘मेलकाऊ.कॉन्फ’मध्ये ‘स्किप_क्लॅमडी’ला ‘वाय’ दिलं की तो कंटेनर सुट्टीवर जातो आणि ४ जीबीत छोटी मांडणी तगते. पण मग जोडलेल्या फाइलींच्या प्रकारांवर आरस्पॅमडीत बंदी घालायला विसरू नका.

डोमेनच्या संख्येने रॅम वाढत नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. मेलकाऊला डोमेन म्हणजे मारियाडीबी या डेटाबेसमधली एक ओळ. ताण येतो तो एकाच वेळी जोडलेल्या लोकांचा, म्हणजे आयमॅपची (मेल ॲपने सर्व्हरवरची पेटी वाचायची पद्धत) उघडी जोडणी आणि सोगोतून ॲक्टिव्हसिंक (फोनशी मेल-कॅलेंडर जुळवून ठेवायची पद्धत) वापरणारे फोन. दोनशे निवांत डोमेनपेक्षा शंभर फोन असलेलं एक कार्यालय भारी पडतं.

ओपनव्हीझेड किंवा व्हर्चुओझोच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) जाऊ नका. डॉकरला लागणारं तिथे मिळत नाही, केव्हीएम प्रकारचा व्हीपीएस घ्या. सर्व्हरवर आधीपासून एक्झिम (पोस्टफिक्ससारखाच मेल प्रोग्रॅम) किंवा पोस्टफिक्स बसलेलं असेल तर ते काढा. डेबियनवर एक्झिम २५ नंबरचं पोर्ट (सर्व्हर-सर्व्हरमधल्या टपालाचं दार) अडवून बसलेलं बरेचदा सापडतं. आणि पैसे भरायच्या आधी विचारायचा प्रश्न: बाहेर जाणारं २५ पोर्ट उघडं आहे का? बऱ्याच क्लाउड कंपन्या ते मुळातच बंद ठेवतात. टपाल येतं, जात मात्र नाही. रांगेत ‘कनेक्शन टाइम्ड आउट’च्या ओळी साचत राहतात आणि माणूस पोस्टफिक्सला दोष देत बसतो. पोर्ट उघडत नसेल तर मेलकाऊत दर डोमेनला वेगळा रिले (आपली पत्रं पुढे पाठवणारा दुसरा सर्व्हर) लावता येतो. मात्र मग त्या त्या डोमेनच्या एसपीएफमध्ये (डोमेनच्या वतीने कोण पत्र पाठवू शकतं त्याची डीएनएसमधली यादी) रिलेवाल्याचंही नाव घालावं लागतं.

बसवणं

हा भाग खरोखर छोटा आहे. डॉकर आणि त्याचं कंपोज प्लगइन बसवायचं, ‘ऑप्ट’ फोल्डरात मेलकाऊचा गिट साठा उतरवायचा, ‘जनरेट_कॉन्फिग’ चालवून नाव आणि टाइमझोन द्यायचा, मग ‘डॉकर कंपोज पुल’ आणि ‘डॉकर कंपोज अप वजा डी’. पहिल्या लॉगिनचं नाव ‘ॲडमिन’ आणि पासवर्ड ‘मूहू’. तो जगजाहीर आहे, त्यामुळे चहा नंतर, पासवर्ड आधी. नव्या आवृत्त्यांत ॲडमिनचं लॉगिन पान वेगळं आहे, पत्त्याच्या शेवटी ‘स्लॅश ॲडमिन’ लावून तिथे जायचं. मुख्य पानावर ॲडमिनचं नाव घालून ‘लॉगिन होत नाही’ म्हणणारे आधी इथे पाहा.

फायरवॉलमध्ये २५, ४६५, ५८७, १४३, ९९३, ४१९० आणि वेबसाठी ८०, ४४३ उघडी हवीत. पॉप वापरणारे असतील तर ११० आणि ९९५. वेब ८० वर लागत नाही म्हणून ते बंद करणारे प्रमाणपत्राचं नूतनीकरण आलं की अडकतात, कारण फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची तपासणी त्याच पोर्टवरून होते.

डोमेन जोडणं, आणि पहिली ठेच

पॅनेलमध्ये नवं डोमेन जोडायचा फॉर्म उघडला की काही आकडे आधीच भरलेले दिसतात: जास्तीत जास्त ४०० उपनावं, १० मेलबॉक्स, दर मेलबॉक्सला ३०७२ एमबी, आणि पूर्ण डोमेनला १०२४० एमबी. लोक हे न वाचता पुढे जातात. तीन मेलबॉक्स व्यवस्थित होतात, चौथा होत नाही. गणित साधं आहे. मेलकाऊ वापरलेली जागा मोजत नाही, वाटून दिलेली जागा मोजतं. तीन मेलबॉक्सचे ९२१६ एमबी वाटले गेले, उरले १०२४. चौथा ३०७२ मागतो. मेलबॉक्स सगळे रिकामे असले तरी नकारच मिळतो. डोमेनचा कोटा आधीच वाढवून ठेवा, किंवा मेलबॉक्सचा घटवा. दुसऱ्याच्या डोमेनला आपली डिस्क गिळू द्यायची नसेल तर हीच कडक मोजणी कामाला येते.

फॉर्मच्या शेवटी दोन बटणं आहेत. ‘फक्त डोमेन जोडा’ दाबलं तर सोगोला नव्या डोमेनची खबर लागत नाही. वेबमेल वापरणार असाल तर सोगो पुन्हा सुरू करणारं दुसरं बटण दाबा. त्या काही सेकंदांत वेबमेलमध्ये असलेल्यांना झटका बसतो, म्हणून डोमेन चढवायची वेळ बघून निवडा.

एकाच मालकाची डॉट कॉम आणि डॉट ऑर्ग अशी जुळी डोमेन असतील तर दुसरं ‘उपनाम डोमेन’ म्हणून जोडावं. पहिल्यातला प्रत्येक पत्ता दुसऱ्यातही आपोआप चालू होतो, मेलबॉक्स दुप्पट होत नाहीत. पण डीएनएसच्या दृष्टीने तेही पूर्ण डोमेनच आहे. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (पहिल्या दोन्हींत नापास झालेल्या पत्राचं काय करायचं ते सांगणारी नोंद) तिन्ही त्यालाही हवेत. हे विसरणारे पुष्कळ.

सर्व्हर सामायिक असला तरी एका डोमेनच्या माणसाला दुसऱ्याच्या नावाने पत्र पाठवता येत नाही. लिफाफ्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता लॉगिन केलेल्याच्या ताब्यात नसेल तर ५५३चा नकार मिळतो. वेबसाइटचे संपर्क फॉर्म इथे आपटतात, कारण भेट देणाऱ्याचाच पत्ता ते पाठवणारा म्हणून लावतात. नियम सैल करण्यापेक्षा फॉर्म सुधारा: पाठवणारा आपल्या डोमेनचा, भेट देणाऱ्याचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये.

डीएनएस: इथे वेळ घालवा

प्रत्येक डोमेनच्या ओळीत ‘डीएनएस’ नावाचं बटण आहे. ते दाबलं की काय हवं आणि सध्या काय आहे याचा तक्ता येतो. मेलकाऊतलं सर्वांत उपयोगी पान हेच, तरी त्यावर डोळे झाकून विसंबू नये.

एसपीएफ पाहा. मुख्य डोमेनला बहुतेक वेळा ‘व्ही=एसपीएफ१ एमएक्स -ऑल’ एवढं पुरतं, कारण येणारा आणि जाणारा सर्व्हर एकच. फसगत होते ती जुनी नोंद तशीच ठेवून नवी जोडल्यावर: एका नावाला दोन एसपीएफ नोंदी म्हणजे कायमची चूक, दोन्ही बाद. दुसरी मर्यादा १० डीएनएस शोधांची. न्यूजलेटरवाला, बिलिंगवाला, जुना होस्ट अशा ‘इन्क्लूड’ जोडत गेलं की आतले शोधही मोजले जातात आणि अकराव्याला सगळं एसपीएफ कोसळतं.

आता तक्त्यात न दिसणारी एक नोंद. पत्र पोचलं नाही म्हणून सर्व्हर जी परतीची सूचना पाठवतो, तिच्या लिफाफ्यावर पाठवणारा रिकामा असतो. मग समोरचा एसपीएफ कशावर तपासणार? हेलोमध्ये सांगितलेल्या नावावर, म्हणजे मेल.एक्झाम्पल.नेटवर. म्हणून त्या नावालाही स्वतःची टीएक्सटी (मजकुराची) नोंद द्या: ‘व्ही=एसपीएफ१ ए -ऑल’. एकदाच करायचं काम, सगळ्या डोमेनना फायदा.

डीकेआयएमची किल्ली मेलकाऊ प्रत्येक डोमेनला वेगळी करतं: २०४८ बिट, सिलेक्टर (किल्लीचं डीएनएसमधलं नाव) ‘डीकेआयएम’. हे वेगळेपण फार महत्त्वाचं. हाताने केलेल्या मांडणीत सगळ्या डोमेनची पत्रं एकाच किल्लीने, एकाच डोमेनच्या नावाने सही होताना दिसतात. तेव्हा तपासणीत डीकेआयएम ‘पास’ येतो आणि माणूस खूश होतो, पण सहीतलं डोमेन आणि ‘फ्रॉम’मधलं डोमेन जुळत नाही, त्यामुळे डीमार्कला ती सही मोजायचीच नसते. मेलकाऊत हा घोळ होत नाही.

नोंद डीएनएसमध्ये चिकटवताना दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, बरीच डीएनएस पॅनेल डोमेनचं नाव स्वतःहून मागे लावतात. तुम्हीही पूर्ण नाव दिलंत तर नोंद ‘डीकेआयएम._डोमेनकी.एक्झाम्पल.कॉम.एक्झाम्पल.कॉम’ अशी होते. पॅनेलमध्ये ती ठीकच दिसते, बाहेरून शोधली की सापडत नाही. दोन, टीएक्सटीचा एक तुकडा २५५ अक्षरांपेक्षा लांब असू शकत नाही आणि २०४८ बिटांची किल्ली त्यापेक्षा लांब असते. चांगली पॅनेल आपणच तुकडे करतात. जी करत नाहीत तिथे अवतरणचिन्हांत दोन तुकडे स्वतः द्यायचे, मध्ये जादा अक्षर न घालता.

डीमार्कची सुरुवात ‘पी=नन’ने (काही करू नका, फक्त कळवा) करा, टपाल घेणारे सर्व्हर पाठवतात ते अहवाल काही आठवडे वाचा, मग ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका), मग ‘रिजेक्ट’ (नाकारा). अहवालांसाठी सगळे एकच पत्ता वापरतात, उदाहरणार्थ एक्झाम्पल.नेटवरचा, आणि सर्व डोमेनच्या नोंदीत तोच लिहितात. मग अहवाल फक्त एक्झाम्पल.नेटचेच येतात, बाकी डोमेनबद्दल शुकशुकाट. कारण असं की परक्या डोमेनकडे अहवाल पाठवायचे तर त्या परक्या डोमेनची संमती डीएनएसमध्ये लागते. नाहीतर कोणीही कोणाच्याही पेटीत अहवालांचा पाऊस पाडेल. एक्झाम्पल.नेटच्या झोनमध्ये (त्याच्या डीएनएस नोंदींच्या संचात) ‘एक्झाम्पल.कॉम._रिपोर्ट._डीमार्क’ या नावाने ‘व्ही=डीमार्क१’ अशी टीएक्सटी नोंद टाका. डोमेन खूप असतील तर पहिल्या भागाच्या जागी तारांकन चालतं.

हे सगळं आता ऐच्छिक राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम आणि नीट पीटीआर हवा. दिवसाला ५००० पत्रांच्या पुढे गेलात तर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही.

पीटीआर डोमेनच्या डीएनएसमध्ये लागत नाही, आयपी देणाऱ्याकडे लागतो. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा, लांब आयपी) असेल तर त्याचाही वेगळा. तो लावता येत नसेल तर आयपीव्ही६ वरून टपाल पाठवणं थांबवा, पोस्टफिक्सच्या ‘एक्स्ट्रा.सीएफ’मध्ये ‘इनेट_प्रोटोकॉल्स’ला ‘आयपीव्ही४’ देऊन काम होतं. आयपीव्ही४ वर सगळं बरोबर असूनही ‘कधी पोचतं, कधी नाही’ अशी तक्रार आली की पहिला संशय इथेच घ्यावा.

प्रमाणपत्रं आणि गोपनीयता

सर्व डोमेनच्या लोकांनी मेल ॲपमध्ये सर्व्हर म्हणून मेल.एक्झाम्पल.नेट हेच लिहिलं, तर प्रमाणपत्र एक पुरतं. पण नाव हाताने लिहायला लावू नये म्हणून मेलकाऊ प्रत्येक डोमेनसाठी ‘ऑटोडिस्कव्हर’ आणि ‘ऑटोकॉन्फिग’ अशी दोन नावं प्रमाणपत्रात घेतं. पहिलं आउटलुकसाठी, दुसरं थंडरबर्डसाठी. दोन्हींच्या सीनेम नोंदी सर्व्हरच्या नावाकडे लावल्या की झालं. एखाद्या डोमेनची नोंद चुकीची असेल तर मेलकाऊ आयपी जुळत नाही म्हणून तेवढं नाव वगळतं आणि बाकीचं प्रमाणपत्र घेतं. एका डोमेनच्या चुकीने सगळ्यांचं प्रमाणपत्र रखडत नाही, ही जोडणी करणाऱ्याची समज.

लेट्स एन्क्रिप्टच्या एका प्रमाणपत्रात १०० नावं बसतात. डोमेनमागे दोन म्हटलं की सर्व्हरचं नाव धरून ४९ डोमेनला भिंत येते. त्याआधीच जाणवणारा प्रश्न वेगळा: ती सगळी नावं प्रमाणपत्रात उघडी असतात आणि प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदींतही जातात. तुमच्याकडे कोणकोणाची डोमेन आहेत ती यादी कोणालाही दोन मिनिटांत मिळते. ‘एनेबल_एसएसएल_एसएनआय’ला ‘वाय’ दिलं की डोमेनगणिक वेगळं प्रमाणपत्र निघतं आणि दोन्ही प्रश्न सुटतात. काही जुन्या मेल ॲपना मग डोमेनच्या स्वतःच्या नावाने जोडता येत नाही, त्यांना सर्व्हरचं मूळ नाव द्यायचं.

डीएनएसवाल्याने वेबसाइटसाठी प्रॉक्सी (मध्यस्थ सर्व्हर) लावलेली असेल तर मेल सर्व्हरचं नाव त्यातून बाहेर काढा. वेबची प्रॉक्सी एसएमटीपी, म्हणजे टपालाची वाहतूक, पुढे नेत नाही.

एकाच छपराखालचे शेजारी

आयपी एक, म्हणजे पत एक. एका डोमेनवरच्या कोणाचा तरी पासवर्ड फुटला आणि त्याच्या खात्यातून रात्रभर स्पॅम गेला, तर सकाळी आयपी काळ्या यादीत असतो आणि शिक्षा सगळ्यांना. मेलकाऊत डोमेनला आणि मेलबॉक्सला वेगवेगळी पाठवण्याची मर्यादा लावता येते. ती लावल्याशिवाय सर्व्हर लोकांच्या हाती देऊ नये. साध्या कार्यालयीन खात्याला तासाला १०० पत्रं भरपूर झाली.

उलट बाजूचा त्रास पासवर्ड चुकण्याचा. मेलकाऊचा नेटफिल्टर कंटेनर ठरावीक प्रयत्न चुकले की तो आयपीच अडवतो. मूळ सेटिंगमध्ये १० मिनिटांत १० चुका आणि अर्ध्या तासाची बंदी. आता एका कार्यालयातले चाळीस जण एकाच आयपीमागून बाहेर पडतात. एकाने पासवर्ड बदलला, घरी ठेवलेल्या नव्हे तर खिशातल्याच जुन्या फोनमध्ये तो बदलायचा राहिला, आणि फोन दर मिनिटाला जुना पासवर्ड पुढे करतो. पंधरा मिनिटांत चाळीसही जणांचा मेल बंद. सर्व्हर चालू, इतर डोमेन चालू, फक्त ‘आमचंच’ बंद. पॅनेलमधल्या फेलटूबॅनच्या, म्हणजे अडवलेल्या आयपींच्या, यादीत कार्यालयाचा आयपी दिसला की निदान झालं. कायमचे आयपी असलेल्या कार्यालयांना मोकळ्या यादीत टाका.

मेलकाऊ अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर (डीएनएसमध्ये नावं शोधून देणारा प्रोग्रॅम) चालवतं, त्याला हात लावू नका. स्पॅम पाठवणाऱ्यांच्या स्पॅमहाउसने ठेवलेल्या याद्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून विचारल्या तर खरं उत्तर मिळत नाही आणि ते चुकीचं वाचलं गेलं तर सगळंच टपाल स्पॅम ठरू शकतं. काही होस्टिंगवाल्यांचे आयपी पट्टेही तिथे अडवलेले असतात. तेव्हा स्पॅमहाउसची फुकट मिळणारी किल्ली घेऊन ‘मेलकाऊ.कॉन्फ’मध्ये घालायची सोय आहे.

चालू डोमेन हलवताना

‘सिंक जॉब’ हे मेलकाऊचं बलस्थान. आत आयमॅपसिंक आहे. जुन्या सर्व्हरचं नाव, लॉगिन, पासवर्ड दिला की फोल्डरसकट सगळं टपाल ओढलं जातं. एमएक्सचा टीटीएल (इतर सर्व्हर ती नोंद किती वेळ लक्षात ठेवतात तो काळ) दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा, पहिला मोठा सिंक करा, एमएक्स बदला, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा सिंक फिरवा.

यात एक सापळा आहे, जो एका डोमेनच्या सर्व्हरवर कधीच दिसत नाही. डोमेन मेलकाऊत जोडलं त्या क्षणापासून हा सर्व्हर ते आपलं समजतो. एमएक्स काय म्हणतो ते पाहतच नाही. म्हणजे याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या डोमेनमधून नव्या डोमेनला लिहिलेलं पत्र नव्या, रिकाम्या पेटीत पडतं, आणि बाकी जगाचं टपाल जुन्याच पेटीत जात राहतं. मधला काळ आठवडाभराचा झाला तर हरवलेली पत्रं शोधत बसावं लागतं. डोमेन आज जोडून एमएक्स ‘पुढच्या सोमवारी’ बदलू नका. जोडणी, पहिला सिंक आणि एमएक्स एकाच रात्री उरका. तोच प्रकार उलट्या बाजूने: जुन्या होस्टकडून डोमेनची मेल नोंद काढायला सांगा, नाहीतर त्या होस्टवरचे इतर लोक तुम्हाला लिहीत राहतील आणि पत्रं जुन्या पेटीत साठत राहतील.

बॅकअप आणि अपडेट

बॅकअपची स्क्रिप्ट ‘हेल्पर-स्क्रिप्ट्स’ फोल्डरात तयार मिळते, ‘बॅकअप ऑल’ म्हटलं की काम होतं. काही जण मात्र शहाणपणा करून फक्त टपालाचा ‘व्हीमेल’ व्हॉल्यूम (डॉकरचा डेटा ठेवायचा कप्पा) उचलतात. डव्हकॉट पत्रं डिस्कवर कूटबद्ध करून ठेवतं आणि त्याच्या किल्ल्या ‘क्रिप्ट’ या वेगळ्या व्हॉल्यूममध्ये असतात. किल्ल्यांशिवायचा टपालाचा बॅकअप म्हणजे कुलूपबंद तिजोरीचं ओझं. क्रिप्ट, व्हीमेल, डेटाबेस आणि ‘मेलकाऊ.कॉन्फ’ हे चारही हवेत, आणि ते दुसऱ्या यंत्रावर हवेत. वर्षातून एकदा दुसऱ्या यंत्रावर परत उभारून पाहा.

अपडेट ‘अपडेट.एसएच’ने होतो आणि बहुतेक वेळा निमूट होतो. बिनसतो तो मूळ फाइलींत हात घातलेल्यांचा. पोस्टफिक्समध्ये काही घालायचं असेल तर ‘एक्स्ट्रा.सीएफ’मध्येच घाला, ती अपडेटने पुसली जात नाही. ‘मेन.सीएफ’ बदलली तर पुढच्या अपडेटला बदल उडाला असं समजा. महिनोनमहिने अपडेट टाळून एकदम मोठी उडी मारू नये. डेटाबेसचे आणि सेटिंगच्या नावांचे बदल वाटेत साचलेले असतात. उडीआधी होस्टरकडून पूर्ण डिस्कचा स्नॅपशॉट घ्या.

दुसरे पर्याय

मेल-इन-अ-बॉक्स हलकं आहे, पण डीएनएससकट सगळं स्वतःच्या हातात घेऊ पाहतं. ज्यांची डोमेन वेगवेगळ्या लोकांच्या ताब्यात आहेत त्यांना ते अडचणीचं. आयरेडमेल डॉकरशिवाय बसतं आणि मजबूत आहे, पण डोमेनगणिक ॲडमिन वगैरे सोयी विकतच्या पॅनेलमध्ये. मेलकाऊत डोमेन ॲडमिन फुकट मिळतो: त्याला आपल्या डोमेनचे मेलबॉक्स आणि उपनावं दिसतात, शेजाऱ्याचं काही नाही. नुसतं पोस्टफिक्स-डव्हकॉट हाताने लावलं तर १ जीबीतही धावतं आणि प्रत्येक ओळ आपल्या ओळखीची असते. सुट्टीवर असताना ती ओळ दुसऱ्या कोणाला वाचता येत नाही, एवढीच अडचण.

मेलकाऊवरची खरी तक्रार म्हणजे बिघाड झाला की लॉग पंधरावीस कंटेनरांत विखुरलेले असतात. पॅनेलमध्ये ते दिसतात, पण शोधायला आरस्पॅमडीने अडवलं की पोस्टफिक्सने की डव्हकॉटने, हे आधी ओळखावं लागतं. क्रम सोपा आहे: पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये पत्राचा रांगेतला क्रमांक शोधा, ‘रिजेक्ट’ दिसलं तर आरस्पॅमडीच्या इतिहासात त्याच वेळेची ओळ पाहा, ‘सेंट’ दिसलं आणि पेटीत नाही, तर डव्हकॉट आणि वापरकर्त्याचे सीव्ह नियम (पत्रं आपोआप फोल्डरांत लावणारे). दहापैकी आठ वेळा पत्र ‘जंक’ फोल्डरात सापडतं.